नऊ बोर्ड आणि एक स्प्रूस

मी गेली पाच वर्षं स्प्रूस या झाडावर संशोधन करते आहे, आणि या जानेवारीपर्यंत मी एकही जिवंत स्प्रूस पाहिलेला नव्हता. हसा खुशाल. माझ्या घरचेही हसतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ख्रिसमसच्या कार्डावर बर्फाच्या ओझ्याने वाकलेलं जे सुईसारख्या पानांचं झाड असतं, तो स्प्रूस. हिमाचलात त्याच्या तिथल्या प्रजातीला रई म्हणतात. या कुळात बरीच भावंडं आहेत. कुणी पाच महिने बर्फात काढतं, कुणी कोरड्या उतारावर तग धरतं, कुणाला सदा धुकंच लागतं. एका खोऱ्यातल्या झाडाचे परागकण दुसऱ्या खोऱ्यात हजारो वर्षं पोचलेच नाहीत, की एकाच वंशातली झाडं हळूहळू वेगळी होत जातात. ती किती वेगळी झाली, आणि थंडीमुळे झाली, दुष्काळामुळे झाली की नुसती लांब राहून झाली, हे मी त्यांच्या डीएनएवरून शोधते. पानं कुरिअरने पाकिटातून पुण्याला येतात. मी ती दळते, नळीत घालते आणि उरलेला दिवस कॉम्प्युटरसमोर बसते. हिमालयात जायचं म्हटलं की आमचे सर म्हणतात, ‘यंदा जरा थांबू.’ हे यंदा पाचवं.

अशा वेळी आटपाडी तालुक्यातल्या एका गावातून तिथल्या हेडमास्तरांचा फोन आला. हे माझ्या शालन मावशीचं गाव. गावात फौजी पुष्कळ, आणि त्यांची एक रीत आहे. निवृत्त होऊन येणारा जवान शेवटच्या पोस्टिंगच्या ठिकाणचं एक रोप सोबत आणतो आणि शाळेच्या मैदानाच्या कडेला लावतो. त्या दिवशी गाव जमतं, नारळ फुटतो, पेढे वाटतात. दुसऱ्या दिवसापासून पाणी घालायचं काम बायकोकडे जातं. अशी नऊ झाडं तिथे आहेत. सव्वीस जानेवारीला त्यांना नावाचे बोर्ड लावायचे होते आणि शास्त्रीय नावं सांगायला कुणीतरी शिकलेलं माणूस हवं होतं.

‘सुभेदारसाहेबांची रई तुमी बगाच म्याडम. बारा वर्सांची झाली.’ हेडमास्तर म्हणाले.

सुभेदारसाहेब म्हणजे मावशीचे यजमान, माझे काका. मी खुर्चीवरून उठले. आटपाडीच्या उन्हात बारा वर्षं जगलेला हिमालयातला स्प्रूस! तो असेल तर माझा प्रबंध सोडा, आमच्या सरांचीही झोप उडेल. मी काकांना लगेच फोटो मागितला. फोटो आला. त्यात काका गणवेशात, छाती पुढे काढून, सॅल्यूट करून असे उभे होते, की मागचं झाड जवळजवळ सगळं झाकलं गेलं होतं. दुसरा मागितला, तर त्यात काका आणखी पुढे आलेले.

पलूसला आईला फोन केला. आमच्या घरी ऊस आहे, त्यामुळे तिचं सगळ्या झाडांबद्दल एकच मत आहे. ‘स्प्रूस असू दे न्हाईतर काय बी असू दे, पाट सोडून पाणी दे म्हणावं, आन् दोन घमेली युरिया टाक.’

पहिला दिवस: पुणे ते आटपाडी

स्वारगेटवरून सकाळी कराडची एसटी पकडायची, कराडला उतरून विटा, विट्याहून आटपाडी. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे हा प्रवास खिशाला अजिबात लागत नाही, कमरेला मात्र लागतो. कराड स्टँडवरचा वडापाव खा, पण चहा विट्यात प्या. विट्याच्या पुढे हिरवा रंग कमी होत जातो, मेंढ्या वाढतात आणि मधूनच डाळिंबाच्या बागा दिसतात. पाण्याची बाटली भरून घ्या. जानेवारीतही दुपारचं ऊन चांगलं टोचतं.

विट्याला शेजारी एक आजी येऊन बसल्या. मी काय काम करते ते त्यांनी नीट विचारून घेतलं.

‘मंग त्या झाडाला फळ काय येतं?’

‘खाण्यासारखं नाही येत.’

‘सावलीला लावत असतील?’

‘तिकडे थंडी असते आजी, सावली कुणालाच नको असते.’

‘शेरडं खात्यात का पाला?’

‘नाही.’

आजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग अगदी मायेने म्हणाल्या, ‘पाच वर्सं म्हनजे लय झाली की गं पोरी.’

गावात पोचले तेव्हा पाच वाजले होते. एसटी मैदानाजवळच थांबते. मी पिशवी खांद्याला लावून उतरले, मान वर केली आणि माझे पाय तिथेच थांबले. मैदानाच्या कडेला तीस फुटी झाड उभं होतं. सरळ खोड, ठरावीक अंतरावर गोल फांद्या, एक फांदी इकडची तिकडे नाही. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकतात ते झाड. त्याचा हिमालयाशी काही संबंध नाही. ते मुळात दूरच्या समुद्रातल्या बेटांवरचं आहे, आपल्या बंगल्यांच्या फाटकाशी असतं, आणि त्याला स्प्रूस म्हणणं म्हणजे म्हशीला हत्ती म्हणणं. मला रडू यायचंच बाकी होतं. तीन गाड्या बदलून मी पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत दिसणारं झाड बघायला आले होते.

‘कसं हाय?’ काका शेजारी येऊन उभे राहिले.

‘उंच आहे,’ मी म्हणाले. हे खरं होतं.

मी जवळ जायला निघाले तर काकांनी हात आडवा केला. ‘हितनंच बग. लांबनं त्याची शान दिसती. चल, च्या घिऊ.’ पाच मिनिटांनी मावशी आली, तिनेही मला दंडाला धरून उलट दिशेला वळवलं. बोर्ड काकांच्या ओसरीवर एकावर एक रचलेले होते. हिरवा रंग, पांढरी चौकट, आणि नावाची जागा कोरी.

दुसरा दिवस: मैदान

सकाळी चुलीपुढे मावशीने हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम माडगं दिलं. थंडीत या भागात आलात तर हे मागून घ्या, हॉटेलात मिळत नाही. भाकरी बाजरीची, खर्डा जपून. काका दूध घालायला डेअरीवर गेले आणि मावशीने भाकरी थापता थापता एकदम सांगून टाकलं.

‘ती रई न्हाई, तुला कळलं असंलच.’

मी माडगं फुंकत बसले.

काकांनी रोप आणलं ते वीतभर होतं. पहिल्याच उन्हाळ्यात त्याची पानं गळायला लागली. काका आठ दिवस पलटणीच्या मेळाव्याला गेले होते. मावशीने दुपारी रोप मुळासकट उपसलं, डालग्यात ठेवलं आणि विट्याच्या नर्सरीतून त्यातल्या त्यात तसं दिसणारं दुसरं आणून लावलं.

‘पण का, मावशी?’

‘रिटायर हुन आले तवा सा म्हैनं कुनाशी बोललं न्हाईत गं हे. जेवायचं, गप बसायचं. त्या रोपाजवळ गेलं की तेवडं तोंड उघडायचं. ते रोप वाळलं असतं तर मानूस बी वाळला असता.’ तिने भाकरी उलटली. ‘आता बोर्डावर तू खरं लिवलंस, की हे पुन्यांदा गप हुतील. आन् खोटं लिवलंस, तर तुझ्या इद्येला बट्टा. मला काय सुचंना बाई.’

मलाही सुचत नव्हतं. मी खोटं शास्त्रीय नाव लिहिणार नव्हते. पाच वर्षांत जिवंत झाड मिळालं नाही, पण निदान नावं तरी खरी लिहिली होती. आणि खरं लिहिलं, तर काकांचा रोजचा मैदानातला फेरा कशासाठी उरणार होता?

मी उरलेल्या आठ झाडांकडे वळले, म्हटलं तिथे तरी काम होईल. काश्मीरच्या चिनारापाशी गेले. खाली पडलेलं पंजासारखं पान ठीक, पण खोड पांढरं, गुळगुळीत, सोललेलं. हे आपल्याच डोंगरातलं कांडोळ. इतक्यात मागून त्या घरच्या कमलकाकू आल्या, इकडेतिकडे बघून कुजबुजल्या, ‘पोरी, आमचं तेवडं समजून घे. बाकीच्यांची जगली, आमचाच चिनार मेला. कुनाला सांगू नकोस.’ मी शपथ घेतली. पुढचा उत्तराखंडचा देवदार म्हणजे सुरूचं झाड निघालं. तिथेही बाई हजर. ‘आमचंच काय ते वाळलं बग. सगळ्यांची जगली.’ पुन्हा शपथ. आसामच्या चहाला तर लालचुटूक फळं लागलेली होती, कारण ती कामिनी होती. जेवायच्या वेळेपर्यंत माझ्याकडे सात शपथा आणि मावशीचं एक गुपित जमलं. नवऱ्यांनी झाडं लावली, बायकांनी ती बदलली, आणि प्रत्येकीला वाटत होतं की गावात आपण एकटीच लबाड.

नववं झाड काटेरी, राखाडी, वाकडंतिकडं. हवालदार आप्पांनी राजस्थानातून आणलेली खेजडी. ही मात्र शंभर टक्के खरी. तिकडच्या वाळवंटात वाढणारी, तिला आटपाडी म्हणजे थोडी ओलीच वाटली असणार. गाव मात्र आप्पांची थट्टा करायचं. ‘म्याडम, हे आपलं शमीचंच दिसतंय,’ आप्पा ओशाळून म्हणाले. ‘लोक म्हनत्यात आप्पानं बांधावरनं उपटून आनलं.’ वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने ती शमीच आहे, पण बी राजस्थानचं. मी त्यांना सांगितलं, या मैदानात तुमचंच झाड सगळ्यात मोलाचं आहे. त्यांना ते पटलं नाही.

संध्याकाळी मावशीला सहज विचारलं, ‘ते उपसलेलं रोप टाकून दिलंस?’

‘टाकवंना. दादाकडं दिलं धाडून. तितं थंडी असती.’

दादा म्हणजे माझा मामा. मावशीचं, आईचं माहेर पाचगणीच्या वर डोंगरात आहे. तीन भावंडं, एक पाण्याच्या तालुक्यात, एक दुष्काळी, एक धुक्यात. आई भांडी विसळायला जेवढं पाणी ओतते तेवढ्यात मावशी आंघोळ, कपडे आणि कोथिंबीर उरकते.

‘जगलं का ते?’

‘मी कधी इचारलंच न्हाई. फोनवर बोलताना हे शेजारीच बसल्यालं असत्यात.’

तिसरा दिवस: आटपाडी ते पाचगणी

मी एकटीच जाणार होते. पण ‘मामाकडे जाते’ म्हटल्याबरोबर काकांनी व्हॅनची चावी उचलली. ‘म्या सोडतो. मेव्हन्याच्या स्ट्रॉबेरी खाऊन लय दिस झाले.’ मावशीचा चेहरा उतरला. तीही गाडीत बसली, बहुधा काही घडलंच तर हजर असावं म्हणून.

रस्ता दिघंची, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव, सातारा. रस्ता एकूण बरा आहे, मधे मधे कामं चालू असतात, तिथे वेळ धरा. साताऱ्यात कंदी पेढे घेतले. काकांनी दुकानदाराला ताजे कधीचे, खवा कुठला, असं इतकं खोदून विचारलं की मागे रांग लागली. पुढे वाई आणि पसरणी घाट. शनिवार-रविवारी घाटात अडकायला होतं, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. घाट चढताना डावीकडे बसलात तर खाली वाईचं खोरं छान दिसतं. मावशीने मात्र सगळा घाट डोळे मिटून काढला.

मामा शेतातच होता. स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यांवर काळं प्लास्टिक, त्यातून डोकावणारी लाल फळं. काका टोपली घेऊन वाफ्यात उतरले आणि मी मामाला बाजूला घेऊन विचारलं. तो मला घरामागे घेऊन गेला.

सिल्व्हर ओकच्या सावलीत, दगडांच्या आळ्यात, माझ्या गुडघ्याएवढं ते उभं होतं. बारा वर्षांत गुडघ्याएवढं. एका बाजूने थोडं करपलेलं, शेंड्याला पुढच्या पालवीचे टपोरे डोळे. मी खाली बसले. एक पान बोटांत धरून फिरवलं. स्प्रूसचं पान चार कडांचं असतं, चिमटीत गोल फिरतं. ते फिरलं. जिथून जुनी पानं गळली होती तिथे डहाळीवर बारीक खुंट्या होत्या, हाताला खरखरीत लागत होत्या. हे सगळं मी शंभरदा लिहिलेलं आहे. हाताला लागलं पहिल्यांदा. मी रडले, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

‘पावसात पानी साचू देत न्हाई, उन्हात जाळी टाकतो,’ मामा म्हणाला. ‘शालननं इस्वासानं दिलं हुतं.’

‘काय बगाय लागलायसा रं?’ काका टोपली घेऊन मागे आले. त्यांच्यामागे मावशी, धावतच.

काका थांबले. टोपली खाली ठेवली. झाडाकडे बघितलं, मग मावशीकडे, मग परत झाडाकडे. मामा घाईघाईने म्हणाला, ‘दाजी, तुमच्याच झाडाचं बी हाय. मैदानातल्या. शालननं दिलं, मी लावलं.’

नर्सरीतल्या बेटावरच्या झाडाच्या पोटी हिमालयातला स्प्रूस जन्माला आला होता. असला जनुकीय चमत्कार माझ्यासमोर कुणी मांडला तर मी त्याला केबिनमधून बाहेर काढीन. मी तोंडात एक स्ट्रॉबेरी कोंबली.

काका गुडघ्यावर बसले. एक पान तोडलं, अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवलं. अगदी मी फिरवलं तसंच.

‘हे जित्तं हाय?’ ते म्हणाले. ‘अगं, हे जित्तं हाय?’

मावशीने पदर तोंडाला लावला.

‘चार पोस्टिंगा रईखाली काढल्या मी,’ काका म्हणाले. ‘मला वळकू येनार न्हाई व्हय गं? मेळाव्यावरनं आलो त्या दिशीच कळलं. तू आळं करून, शेन घालून, त्या झाडाची पानं पदरानं पुसत बसली हुतीस. म्हनलं आपली रई मेली, आन् हिनं उन्हात इट्याला जाऊन दुसरं आनलं. मंग काय बोलनार?’

आता मला त्या फोटोतला सॅल्यूट कळला. माणूस झाडाची नव्हे, बायकोची लबाडी झाकत होता.

मावशीचं रडणं तिथेच थांबलं आणि ती कडाडली. ‘बारा वर्सं! बारा वर्सं मी जीव मुठीत धरून पानी घालतीया, कुनी शिकल्यालं मानूस मैदानात आलं की त्याला धरून उलटं वळवतीया! आन् तुमाला म्हाईत हुतं?’

‘तू बी सांगितलं न्हाईस की हे जित्तं हाय म्हनून. मी सुतक पाळलं हुतं त्याचं.’

‘मंग त्या खोट्या झाडाशी रोज काय बोलायचा तुमी?’

‘झाडाशी कोन बोलतंय? तू कळशी घिऊन यायचीस तितं.’

‘आवं, मंग घरात बोलायला काय झालं हुतं?’

मामाने मधे क्रीम घातलेल्या स्ट्रॉबेरीच्या वाट्या आणून ठेवल्या. दोघांनी तोंडं फिरवून त्या खाल्ल्या, आणि दुसरी वाटी काकांनी मावशीपुढे सरकवली. नंतर तासभर काका झाडाच्या आळ्याचा एकेक दगड सारखा करत बसले होते. मी मधे एकदा विचारलं, हे आता गावी न्यायचं का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत विचारलं नाही.

सव्वीस जानेवारी

झेंडा झाला, कवायत झाली, मग बोर्ड. बोर्ड रंगवणाऱ्याला मी खरी नावं दिली होती, कारण सातही जणींनी आदल्या दिवशी येऊन आपापली शपथ मागे घेतली होती. आपलं झाड खोटं आहे, हे मावशीने घरोघर जाऊन सांगितलं असणार. हेडमास्तरांनी चिनाराच्या बोर्डावरचा कागद काढला आणि खाली ‘कांडोळ’ निघालं. मग नवरे एकमेकांकडे बघायला लागले. त्यातल्या किती जणांना आधीच माहीत होतं ते मी विचारलं नाही, पण धक्का बसल्यासारखं तोंड फक्त दोघांनी केलं. आप्पांच्या खेजडीपुढे मात्र पहिल्यांदाच टाळ्या पडल्या. आप्पांनी सावधान उभं राहून त्या घेतल्या.

काकांचा बोर्ड त्यांनी माझ्याकडून नाव घेऊन स्वतः रंगवून आणला होता. त्यावर झाडाचं खरं शास्त्रीय नाव होतं आणि खाली वळणदार अक्षरांत: ‘विट्याहून आणणाऱ्या, लावणाऱ्या व बारा वर्षे पाणी घालणाऱ्या: सौ. शालन.’

मावशी म्हणाली, ‘इट्याचं कशाला लिवायचं?’ आणि तिथेच उभी राहून तो बोर्ड तीनदा वाचला.

पुण्यात परत

मी पाकिटात त्या गुडघ्याएवढ्या स्प्रूसची सहा पानं घेऊन आले. सरांनी ती बघून सांगितलं की एका झाडावरून काहीच सिद्ध होत नाही. बरोबर आहे त्यांचं. ते झाड सातारच्या डोंगराशी जुळवून वगैरे घेत नाहीये. त्याला तेवढा वेळ मिळालेला नाही, आणि एकट्या झाडाला तो कितीही मिळून उपयोग नाही. ते नुसतं जगलं आहे, कारण एकीने ते टाकलं नाही आणि एकाने त्यावर जाळी धरली. माझ्या प्रबंधात हे लिहायला रकाना नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

तुम्हाला जायचं असेल तर मैदान कधीही बघा, कुणीही दाखवेल. मामाचं घर मात्र सांगत नाही. त्या झाडाला पाहुणे सोसणार नाहीत.

काल मावशीचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज येत होता. काका आता दर महिन्याला रई बघायला पाचगणीला जातात म्हणाली.

‘आणि तू?’

‘मी बी जाते की. एकट्याला त्यांना धाडते व्हय मी? हितंच हाय आता, दादाच्या वसरीवर बसलीया.’ मग ती म्हणाली, ‘पोरी, लगीन झाल्यापासनं दिवाळी आन् लग्नकार्य सोडून मला म्हायेरी कवा यायला गावलं न्हवतं.’